सहावीच्या उंबरठ्यावर अडलेली आपली मुले

वार्षिक परीक्षा आटोपल्या. आता निकाल लागतील, दाखले हाती पडतील आणि पाचवीची मुले सहावीत जातील. बहुतेक घरांत ही गोष्ट नव्या दप्तराच्या खरेदीपलीकडे जात नाही. परंतु ज्या घरात कमी ऐकू येणारे, स्वमग्न, चालताना आधार लागणारे किंवा अक्षरांशी झगडणारे मूल आहे, त्या घरात याच दिवसांत आईवडिलांची झोप उडते.

बेळगाव-खानापूर भागातील अनेक गावांत मराठी शाळा पाचवीपर्यंतच आहे. तेथे एखादे गुरुजी किंवा बाई मुलाला पहिलीपासून ओळखतात. तो कशाने घाबरतो, कुठे बसवला की ऐकतो, हे त्यांना न सांगता कळते. सहावीला शाळा मोठी, रस्ता लांबचा, दर तासाला शिक्षक वेगळे. त्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषांचे ओझे. धडधाकट मूलही पहिले दोन महिने बावरते. मग या मुलांचे काय होत असेल?

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात एक आजोबा आले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले. म्हणाले, ‘नातू दिवाळीपासून शाळेत जात नाही.’ आम्हाला वाटले, कन्नडचा जाच असेल. ते म्हणाले, ‘नाही हो. आपल्याच शाळेत, मराठीच्याच तासाला, सगळ्या वर्गासमोर त्याला ठोंब्या म्हटले.’ आमच्यापैकी कोणालाही उत्तर सुचले नाही.

आज लिहायचे कारण हेच. मराठी शाळांचा पट घटतो म्हणून आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते केलेच पाहिजे. पण पटावर नाव असूनही वर्गात नसलेल्या मुलाची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? घटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगितली आहे, तीही प्राथमिक टप्प्यापुरती. त्या कलमाचा दाखला आपण उठता-बसता देतो. मात्र याच मुलांच्या हक्काचा दुसरा कायदा आपल्या व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतो.

तो म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की शाळा बदलताना दाखला ताबडतोब मिळाला पाहिजे आणि तो उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

भाषेच्या सवलतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कोणत्या भाषेतून सूट मागायची, हे मुलाची गरज पाहून ठरावे, आपल्या राजकारणावरून नव्हे. ज्याला उद्या याच बाजारपेठेत आणि याच बसमधून वावरायचे आहे, त्याला बोलण्यापुरती कन्नड उपयोगाचीच आहे. आपल्या लढ्याचा फलक या लेकरांच्या हाती देऊ नये.

आता करायचे काय? मे महिन्यातच मुलाला नव्या शाळेत दोन-तीन वेळा नेऊन आणा. वर्ग, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि घरी परतायची वाट त्याच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. पाचवीच्या शिक्षकांकडून एक पानभर टिपण घ्या: याला काय येते, काय जमत नाही, बिथरला तर कशाने शांत होतो. नव्या शाळेत एका शिक्षकाचे नाव ठरवून घ्या, ज्यांच्याकडे तो केव्हाही जाऊ शकेल. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर त्यासाठी आताच अर्ज करा आणि सवलतींची मागणी सुरुवातीलाच लेखी द्या. दहावीच्या तोंडावर धावाधाव करून उपयोग नाही. तालुक्याच्या संसाधन केंद्रात समावेशक शिक्षणाचे शिक्षक असतात, त्यांना भेटा. शाळा सुधारणा समितीत आपली माणसे आहेत. चढउतारासाठी उतरंड आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह हा विषय पहिल्याच बैठकीत त्यांनी मांडावा.

घरच्यांनाही दोन शब्द. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसवणे, बहिणीचे लग्न अडेल म्हणून प्रमाणपत्रच न काढणे, हे प्रकार आपल्या जुन्या, नावाजलेल्या घरांतच अधिक आहेत. चार लोक काय म्हणतील, या धाकापायी मुलाचा हक्क बुडतो.

आणि शेवटी संघटनेने स्वतःला विचारायचा प्रश्न. मदत मिळेल म्हणून एखाद्या आईने आपले मूल कन्नड किंवा इंग्रजी शाळेत घातले, तर तिला भाषाद्रोही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती मदत आपल्या शाळेत का नव्हती, याचे उत्तर आपण द्यायचे आहे. सीमाप्रश्न १९५६ पासून चालत आला आहे. एखाद्या मुलाचे सहावीचे वर्ष मात्र एकदाच येते.

आम्ही प्रत्येक शाखेला विनंती करतो की शाळा उघडण्यापूर्वी आपल्या गावात अशी किती मुले पाचवीतून सहावीत जात आहेत, याची यादी करावी. नावे चव्हाट्यावर नकोत. फक्त प्रत्येक घरी एक कार्यकर्ता जावा आणि पहिल्या दिवशी मुलाबरोबर शाळेच्या दारापर्यंत चालावा. पुढे दिवाळीनंतर एकदा पुन्हा जावा. तो मुलगा तेव्हाही वर्गात दिसला, तर आपली मराठी शाळा खऱ्या अर्थाने टिकली असे आम्ही मानू.