ठार बहिरा असतो, ठार आनंदी नसतो

आमच्या परभणी जिल्ह्यात, देवगाव फाट्याच्या आसपासची जमीन काळीभोर. अमावस्येची रात्र मात्र काळीकुट्ट. दोन्हींचा अर्थ 'अगदी पूर्ण काळा' असाच ना? मग एकदा बायकोच्या डोळ्यांना काळेकुट्ट म्हणून बघा :-)

तसंच कुंकू लालभडक, रागावलेला चेहरा लालबुंद, ओठ लालचुटुक. माणूस ठार बहिरा असतो, ठार आनंदी नसतो. खोटं 'साफ' असतं, जाग 'टक्क' असते आणि दमतो आपण 'पार'. हे आपल्याला कुठल्या बाईंनी शिकवलं? कुणीच नाही. कानानेच शिकलो.

आणि हीच मंडळी इंग्रजीकडे वळली की काय करतात? समानार्थी शब्दांची यादी पाठ करतात! टोटली, कम्प्लीटली, ॲब्सोल्यूटली, अटर्ली.. सगळे सारखेच, टाका कुठलाही. इथेच गाडी अडते. कारण फरक जोराचा नाही, सोबतीचा आहे.

कम्प्लीटली बहुतेक तिथे शोभतो जिथे काहीतरी भरतं, संपतं किंवा बदलतं: रिकामं, वेगळं, विसरलेलं. ॲब्सोल्यूटलीला आधीच टोकाला गेलेली विशेषणं आवडतात: आवश्यक, अप्रतिम, अशक्य. टोटली गप्पांमधला गडी. अटर्लीची सोबत बहुधा वाईट शब्दांची: निरुपयोगी, हास्यास्पद. म्हणून तर १९६६ साली मुंबईत सिल्व्हेस्टर दाकुन्हांनी अमूलसाठी केलेल्या जाहिरातीतलं 'अटर्ली बटर्ली' इतकं लक्षात राहतं. बदनाम शब्दाला लोणी लावलं!

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे क्वाइट. ब्रिटिश क्लायंट तुमच्या डेमोला 'क्वाइट गुड' म्हणाला तर पेढे वाटू नका, बहुतेक वेळा ते 'बरं आहे' इतकंच असतं. पण तोच माणूस 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणाला तर ते साफ अशक्य. शब्द तोच, शेजारी बदलला की अर्थ फिरला.

शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, असं जे. आर. फर्थ या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९५७ मध्ये सांगून ठेवलंय. आजची लँग्वेज मॉडेल्सही शब्दांच्या संगतीवरूनच भाषा शिकतात. मशीनला जे जमतं ते मराठी माध्यमातून आलेल्या इंजिनियरला का जमू नये? त्याला तर काळाभोर आणि काळाकुट्ट लहानपणापासून येतं.

म्हणून माझं मत: याद्या फेकून द्या, जोड्या गोळा करा. वाचताना जोरदार शब्द दिसला की त्याच्या शेजारचाही टिपून ठेवा.

आणि ऑफिसच्या मेलमध्ये एक पथ्य पाळा. 'कम्प्लीटली टेस्टेड' हा नुसता जोर नाही, ते वचन आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला की लोक तोच मेल उघडून दाखवतात. त्यापेक्षा काय काय तपासलं ते लिहा. शंभर टक्के म्हणायचं असेल तर आधी टक्के मोजलेले बरे.