विश्लेषण : दातांतली ‘चांदी’ हद्दपार होणार, पण ‘होलिस्टिक’ उपचारांनी कीड बरी होते का?

दाढ किडली की दवाखान्यात जाऊन ‘चांदी भरून’ घ्यायची, ही गेल्या दोन-तीन पिढ्यांची रीत. या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे. दंतवैद्यकात तिला अमाल्गम म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात झालेल्या मिनामाता कराराच्या परिषदेत २०३४ पर्यंत दातांतल्या अमाल्गमचा वापर थांबवण्यावर सदस्य देशांचे एकमत झाले. भारताने हा करार २०१८ मध्येच स्वीकारला आहे. या निर्णयानंतर ‘पारामुक्त’, ‘केमिकल-फ्री’, ‘होलिस्टिक’ अशा पाट्यांखाली दातांचे उपचार विकणाऱ्यांना नवे बळ मिळाले आहे. ‘आम्ही हेच तर सांगत होतो’ असे ते म्हणू शकतात. ते कितपत खरे?

अमाल्गम का थांबवले जात आहे?

मुख्य कारण पर्यावरणाचे आहे. मिनामाता हे जपानमधले शहर. तिथल्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी समुद्रात गेले, माशांतून माणसांच्या पोटात गेले आणि मज्जासंस्थेच्या भीषण आजाराची साथ १९५६ मध्ये उघडकीस आली. दवाखान्याच्या बेसिनमधून वाहून जाणारा आणि अंत्यसंस्कारात जळणारा दातांतला पाराही शेवटी हवा-पाण्यातच जातो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद वगळता, अमाल्गम बंद केले.

मग तोंडातली जुनी चांदी काढून टाकावी का? अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण अशांनी नवे अमाल्गम शक्यतो टाळावे, असा सल्ला दिला. त्याच सल्ल्यात, सुस्थितीतले जुने भरण वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये, असेही म्हटले आहे. ड्रिलने भरण फोडताना पाऱ्याची वाफ सुटते आणि दाताचा निरोगी भागही कापला जातो. ‘डिटॉक्स’च्या नावाखाली सगळ्या दाढा उकरून घेणारा रुग्ण पैसे मोजून नेमके हेच विकत घेतो.

‘होलिस्टिक’ म्हणजे नेमके काय?

भारतात एमडीएसच्या मान्यताप्राप्त शाखांत या नावाची शाखा नाही. त्यामुळे पाटीखाली काय मिळेल, ते दवाखान्यागणिक बदलते. कुठे आहारावर भर, कुठे तेलाच्या गुळण्या, कुठे फ्लोराइडला आणि रूट कॅनालला सरसकट नकार. यातली आहाराची बाजू भक्कम आहे. तोंडातले जिवाणू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दातातली खनिजे विरघळवते. ‘कीड’ या शब्दामुळे घोटाळा होतो. दातात किडा नसतोच. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो ‘पाडून’ दाखवणारे मात्र गावोगाव होते.

खनिजे झिजून दातावर नुसता पांढरा डाग पडला असेल, तर ही प्रक्रिया उलटवता येते. गोड कमी केले, घासणे सुधारले आणि फ्लोराइड मिळाले, तर लाळेतली खनिजे तिथे पुन्हा बसतात. ‘दात आपोआप भरून आला’ या दाव्यात तथ्य आहे ते एवढेच. एकदा खड्डा पडला की चित्र बदलते. दाताच्या बाह्य आवरणात जिवंत पेशी नसतात. हाड जुळते किंवा जखम भरते, तसा तो खड्डा भरत नाही. तिळाच्या तेलाने नाही आणि खोबरेल तेलानेही नाही.

दुखायचे थांबले, म्हणजे बरे झाले?

घरगुती उपचारांवरचा विश्वास सर्वाधिक वाढतो तो इथेच. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होतो, हे खरे. त्यातले युजेनॉल दंतवैद्यही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात. पण कीड आत सरकतच राहते. ती दाताच्या गाभ्यातल्या नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडवणारी कळ सुरू होते. आणि काही दिवसांनी ती कधी कधी अचानक थांबते! घरच्यांना वाटते, तेल लागू पडले. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकाकडे निघालेला असतो. पुढची ओळख होते ती गालावरच्या सुजेने. जे काम साध्या भरणावर भागले असते, ते आता रूट कॅनाल आणि कॅपवर किंवा दात काढण्यावर जाते.

फ्लोराइडला विरोध का?

महाराष्ट्रापुरता हा विरोध अगदीच निराधार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातल्या जादा फ्लोराइडने दात डागाळतात, हाडे दुखावतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको, असे भारतीय मानक सांगते. पण विहिरीतून वर्षानुवर्षे पोटात जाणारे फ्लोराइड वेगळे आणि घासून थुंकायची पेस्ट वेगळी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने २०११ मध्ये पाण्यात फ्लोराइड मिसळणे बंद केले होते. पुढे मुलांच्या दातांतली कीड वाढल्याचे अभ्यासांत दिसले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे गणित तर आपल्याकडे मशेरीनेच मोडले आहे. तीही भाजलेल्या पानाचीच. फक्त ते पान तंबाखूचे. दंतमंजनात तंबाखू वापरायला देशात १९९२ पासून बंदी आहे, घरोघरच्या तव्यावर मात्र ती भाजली जातेच.

ड्रिल नको असेल तर?

ड्रिलची भीती, खर्च किंवा लहान मूल ही कारणे खोटी नाहीत, आणि त्यांची उत्तरे मुख्य प्रवाहातल्या दंतवैद्यकातच आहेत. हाताच्या अवजाराने मऊ कीड काढून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या ठिकाणांसाठी विकसित झाली. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड जागच्या जागी थोपवता येते. मात्र तो भाग कायमचा काळा पडतो आणि नसेपर्यंत गेलेल्या किडीवर त्याचा उपयोग नाही. हे दोन्ही आणि फ्लोराइडची टूथपेस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. पांढरे कंपोझिटही ‘केमिकल-फ्री’ नसते. ती प्लास्टिकसारखी राळच आहे आणि ती भरताना दात कोरडा ठेवावा लागतो. २०३४ पर्यंत चांदीची जागा याच साहित्याने घ्यायची आहे, आणि ते सरकारी दवाखान्यांत, ग्रामीण रुग्णालयांत पुरेसे पोहोचले नाही, तर तिथल्या रुग्णापुढे दात काढण्याचा जुनाच पर्याय उरेल.