होडी चालते, जबाबदारी कोणाची?

वेसाव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर मढ दिसते. मधली खाडी होडीने ओलांडण्यास काही मिनिटे पुरतात. तोच प्रवास रस्त्याने करायचा तर अंधेरी, गोरेगाव, मालाड असा वळसा घालून मार्वेमार्गे वीसएक किलोमीटर जावे लागते. मार्वे आणि मनोरी, बोरिवली आणि गोराई यांचीही हीच कथा. गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. तरीही तेथील रहिवाशाला रस्त्याने बोरिवलीला यायचे तर उत्तन-भाईंदर, म्हणजे शेजारच्या महापालिकेतून, यावे लागते. स्वतःच्या शहरात येण्यासाठी आधी शहराबाहेर पडावे लागणारे हे मुंबईकर रोज होडीवर विसंबून आहेत. मासळीच्या पाट्या, दुचाक्या, कॉलेजची मुले आणि सुटीच्या दिवशी पॅगोडा पाहायला निघालेले पर्यटक, सारे त्याच फळीवरून चढतात आणि उतरतात.

मढ-वर्सोवा पुलाची योजना महापालिकेने हाती घेतल्यापासून या फेऱ्यांकडे पाहण्याचा सरकारी दृष्टिकोन जणू ठरूनच गेला आहे : पूल होईपर्यंत कसेबसे चालवायचे. पूल नको असे कोणी म्हणणार नाही. मुंबई पुलांनीच जोडली गेली. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी एकेकाळी होडीनेच ओलांडावी लागे आणि त्यात माणसे बुडत. सरकार खर्चाला तयार नव्हते, तेव्हा लेडी जमशेटजी यांनी स्वतःचे पैसे दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. परंतु पूल हे वाहनाच्या सोयीचे साधन आहे. ज्याच्यापाशी वाहन नाही, त्याच्यासाठी पुलावरून बस किती धावणार, हाच खरा प्रश्न असतो. पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणीला पुलाच्या लांबीशी कर्तव्य नसते. तिला वेळेवर पोहोचण्याशी असते. आणि मार्वे-मनोरी वा बोरिवली-गोराई येथील प्रवाशाला मढच्या पुलाचा काडीचा उपयोग नाही.

खरी अडचण आहे ती जबाबदारीच्या वाटणीत. होड्यांचे परवाने आणि तपासणी हा १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचा विषय. धक्क्यापर्यंतचा रस्ता, दिवे, स्वच्छतागृह महापालिकेकडे. धक्क्यावर उतरल्यानंतरची बस ‘बेस्ट’ची. प्रत्येकाच्या कक्षेत एकेक तुकडा येतो. प्रवाशाचा सबंध प्रवास मात्र कोणाच्याच कक्षेत येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की वर्सोवा-मढ फेरी बंद ठेवली जाते. तो निर्णय योग्यच आहे. पण त्याच दिवसापासून वळशाच्या रस्त्यावर बसगाड्या वाढल्या पाहिजेत, ही जबाबदारी नेमकी कोणाची?

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील अनेक घरांत ती आठवण अजून ताजी आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. धडक दुसऱ्याची होती. पण बोटीला परवाना ८४ प्रवाशांचा असताना शंभराहून अधिक माणसे चढली होती, हेही उघड झाले. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटचा आग्रह सुरू झाला. उपनगरांतील खाड्या अरुंद आहेत, म्हणून तेथील नियम सैल असावेत काय? बुडणाऱ्याला खाडीची रुंदी विचारून उपयोग नसतो.

या संदर्भात ग्रीसकडे पाहण्यासारखे आहे. एजियन समुद्रातील नॅक्सोस आणि अमोर्गोस या बेटांच्या दरम्यान इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, डोनूसा अशी चिमुकली बेटे आहेत. तेथील वस्ती काही शेकड्यांत मोजावी इतकी. हिवाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा कोणतीही कंपनी नफ्यासाठी तेथे बोट नेणार नाही. अशा मार्गांना ग्रीक भाषेत ‘नापीक’ मार्ग म्हणतात. सरकार निविदा काढते, तुटीची भरपाई करते आणि त्याबदल्यात वर्षभर ठरल्या वेळी बोट सोडण्याची अट घालते. वाऱ्याने मर्यादा ओलांडली की बंदर अधिकारी फेऱ्या थांबवतात. ही व्यवस्था निर्दोष नाही. सप्टेंबर २००० मध्ये पारोस बेटाजवळ ‘एक्सप्रेस समीना’ ही बोट खडकावर आदळून ऐंशीहून अधिक प्रवासी दगावले आणि जुन्या बोटींच्या तपासणीवरून सरकारला धारेवर धरले गेले. मात्र बेटावरच्या माणसाला मुख्य भूमीशी जोडणे हे सरकारचे कर्तव्य आहे, याबद्दल तेथे दुमत नाही. आपल्याकडे नेमके तेच गृहीतक हरवले आहे.

जलवाहतूक आपल्याला जमत नाही असेही नाही. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये. मोटारी वाहून नेणाऱ्या बोटींसाठी धक्के, निधी आणि उद्घाटने मिळतात. पायी येणाऱ्याच्या होडीसाठी नीट पायऱ्या, भरतीओहोटीत वरखाली होणारा तरंगता धक्का आणि वेळेवर काढलेला गाळ एवढे तरी मिळावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. तिन्ही मार्गांना सार्वजनिक वाहतुकीचा अधिकृत दर्जा द्यावा. प्रवासीसंख्येची मर्यादा धक्क्यावर ठळक लिहावी आणि ती पाळली जाते का हे पाहणारा माणस तेथे नेमावा. बसचे वेळापत्रक फेरीशी जुळवावे आणि फेरी बंद होण्याआधी पावसाळी बससेवा जाहीर करावी. पिढ्यान् पिढ्या या खाड्यांत वल्ही मारणाऱ्या कोळी समाजाला या व्यवस्थेत वाटा असावा; पुलांचे खांब कोठे उभे राहावेत हे ठरवतानाही त्यांचे ऐकले जावे.

मुंबई मुळात बेटांचेच शहर. सात बेटे भरावाने एक झाली, साष्टीला पुलांनी जोडले गेले आणि आपण पाण्यावरचा रस्ता विसरलो. वेसाव्याच्या धक्क्यावर रांगेत उभा असलेला प्रवासी मात्र तो विसरू शकत नाही. पूल होईल तेव्हा होईल; त्याला उद्या सकाळी कामावर पोहोचायचे आहे.