प्रशिया : नाव एकाचे, राज्य दुसऱ्याचे

इतिहासाचे सर रजेवर होते म्हणून मी त्यांच्या तासाला गेलो. धडा जर्मनीच्या एकीकरणाचा. एका मुलाने विचारले, "सर, बिस्मार्क इराणी होता का?" वर्ग हसला, पण त्याची चूक साधी होती. उर्दूत जेर-जबर न लावता लिहिले तर प्रशिया आणि पर्शिया एकसारखेच दिसतात. मी म्हटले, इराणी नव्हता. आणि खरे सांगायचे तर, मूळ अर्थाने प्रशियनही नव्हता!

बाल्टिक समुद्राच्या काठी प्रुशियन नावाचे लोक राहत. त्यांची भाषा जर्मन नव्हती. लिथुएनियन आणि लाटव्हियन या तिच्या बहिणी. तेराव्या शतकात ट्युटॉनिक ऑर्डरच्या जर्मन धर्मयोद्ध्यांनी धर्मप्रसाराच्या नावाखाली हा मुलुख तलवारीने घेतला. मग जर्मन शेतकरी, व्यापारी येऊन वसले. हरलेल्यांचे नाव मात्र जमिनीला चिकटून राहिले, आणि जिंकणाऱ्यांचे वंशज स्वतःलाच प्रशियन म्हणवू लागले.

1701 मध्ये ब्रँडेनबुर्गच्या शासकाला राजा व्हायचे होते. त्याचे बर्लिन पवित्र रोमन साम्राज्यात होते, तिथे राजा म्हणवून घेण्यात अडचण होती. प्रशिया साम्राज्याच्या हद्दीबाहेर. म्हणून राज्याभिषेक कोनिग्जबर्गला झाला, आणि पुढे बर्लिनसकट सगळ्या राज्यालाच प्रशिया म्हणू लागले. साधारण त्याच सुमारास मूळ प्रुशियन भाषा बोलणारी शेवटची माणसे संपत होती.

भाषाशिक्षक म्हणून मला एक गोष्ट जास्त बोचते. या भाषेत पुस्तके छापली गेली होती. 1545 मध्ये दोन आणि 1561 मध्ये एक, ख्रिस्ती धर्मशिक्षणाची. आज अभ्यासक मुख्यतः त्यांच्याच आधारे ती भाषा जुळवतात. पुस्तके होती, पण व्यवहार जर्मनचा, मान जर्मनला. आमच्याकडेही पालक सांगतात, "सर, उर्दू घरात आहेच की, शाळेत कशाला?" आणि त्यांच्याच मुलांना आजोबांचे पत्र वाचता येत नाही. मराठीचीही घरे मी अशीच पाहतो आहे.

25 फेब्रुवारी 1947 रोजी दुसरे महायुद्ध जिंकलेल्या राष्ट्रांनी कायदा करून प्रशिया राज्य बरखास्त केले. लष्करशाहीचे मूळ हेच, असे त्यांचे म्हणणे. कोनिग्जबर्ग त्याआधीच, 1946 मध्ये, सोव्हिएत राजवटीत कॅलिनिनग्राद झाले होते. जर्मन रहिवाशांना तिथून घालवले आणि रशियातून माणसे आणून वसवली.

तास संपला. त्या मुलाने वहीत प्रशियावर पेश काढला आणि मला दाखवला.