विमान किती उशिरा सुटलं?

विमान उशिरा सुटलं हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात नणंदेकडून परतताना मी आणि सासूबाई दिल्ली विमानतळावर तीन तासांहून जास्त ताटकळलो. सासूबाईंना मधुमेह. विमान कंपनीने साधं बिस्किटसुद्धा विचारलं नाही. नागपूरला आल्यावर ई-मेलने तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : उशीर दोन तासांहून कमी होता, सबब खाणंपिणं देणं बंधनकारक नव्हतं. म्हणजे खोटं आम्हीच बोलत होतो!

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम असा की, अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत प्रवासात दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यायचंच. भांडण त्या दोन तासांवर होतं.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला विचारलं, "प्रोग्रॅम लिहून काही शोधता येईल का रे?"

"काकू, प्रोग्रॅम कशाला? फ्लाइट नंबर सांगा."

पर्समधून बोर्डिंग पास काढला. (नशीब, फेकला नव्हता.) 'फ्लाइटरडार२४'वर नंबर टाकला, तर तारीखवार तक्ताच समोर! ठरलेली वेळ, सुटल्याची वेळ, उतरल्याची वेळ. आमचं विमान ३ तास २० मिनिटं उशिरा. वेळेपुढे यूटीसी लिहिलेलं असेल तर साडेपाच तास मिळवायचे, आणि सुटल्याची वेळ विमानाने धावपट्टी सोडल्याची धरतात, म्हणून थोडी सूट द्यायची. ही माहिती कंपनीच्या मेहरबानीवर नसते. विमान स्वतःच आपला ठावठिकाणा सतत प्रक्षेपित करतं आणि हौशी मंडळींनी छपरांवर लावलेले रिसीव्हर तो टिपतात.

पण मैत्रिणींनो, फुकटात जेमतेम आठवडाभराचीच नोंद दिसते. जुनी हवी तर पैसे मोजा. ग्राहक आयोगाकडे जायला कायदा दोन वर्षं देतो, आणि पुरावा आठवड्यात पडद्याआड! पाहुणेरावळे, आजारपणं उरकून आपण तक्रारीला बसेपर्यंत हाती काय उरणार? म्हणून घरी पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

डीजीसीए दरमहा अहवाल काढते, पण त्यात कुठल्या कंपनीची किती टक्के विमानं वेळेवर, एवढंच. आपलं एक विमान त्यात सापडत नाही. अमेरिकेत १९८७ पासून मोठ्या कंपन्यांना देशातल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद सरकारला द्यावी लागते. तिथल्या परिवहन सांख्यिकी ब्युरोच्या संकेतस्थळावर कंपनी, विमानतळ, तारीख निवडली की कुणालाही ती फुकट मिळते, एक्सेलमध्ये उघडते. आपल्याकडे या वेळा कंपन्यांकडे असतातच. मग डीजीसीएने त्या निदान दोन वर्षं सर्वांसाठी खुल्या का ठेवू नयेत? पैसे साठवून पाच वर्षांतून एकदा विमानात बसणाऱ्या बाईला त्याची गरज जास्त.

आम्ही त्या तक्त्याची प्रिंट जोडून सरकारच्या 'एअरसेवा'वर तक्रार टाकली आहे. उत्तर यायचंय. सासूबाई रोज चहाच्या वेळी विचारतात, "काय गं, काय म्हणतो तुझा विमानवाला?"