जगाचा इतिहास परक्यांचा नव्हे : नववीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

१/१२
नववीची नवी पुस्तके घरी आली की नागपुरात एक प्रश्न हमखास कानी येतो : ‘फ्रान्सच्या राज्यक्रांतीशी आमच्या मुलांना काय देणेघेणे? आधी आपला इतिहास शिकवा.’ मित्रहो, हा प्रश्न देशाभिमानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्याच इतिहासाच्या अज्ञानातून जन्मतो. या धाग्यात त्याचा प्रतिवाद.

२/१२
प्रथम वर्गात काय शिकावे लागत आले, ते पाहू. केंद्रीय मंडळाच्या शाळांत २००६ पासून अनेक वर्षे चाललेल्या नववीच्या पुस्तकात अखेरीस पाच विषय होते : फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती, नाझीवादाचा उदय, वसाहतकाळातील वनसमाज आणि पशुपालकांचे जीवन.

३/१२
राज्य मंडळाचे चित्र निराळे. २०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकाचा भर १९६० नंतरच्या भारतावर, तर दहावीचा इतिहासलेखन व उपयोजित इतिहासावर. महायुद्धे व शीतयुद्ध यांचा सविस्तर परिचय होतो तो बारावीत, तोही इतिहास हा विषय घेणाऱ्यालाच. विज्ञान शाखेकडे वळलेला विद्यार्थी त्याला कायमचा मुकतो.

४/१२
म्हणजे एकाच शहरातील, एकाच वयाची दोन मुले. एकाला जगाचा इतिहास मिळतो, पण बहुधा सनावळीच्या रूपात. दुसऱ्याला तो मिळतच नाही. दोघांचाही समज मात्र एकच होतो : जगाचा इतिहास दुसरीकडे कुठेतरी घडला. हा समज किती खोटा आहे, हे नागपूरच सांगेल.

५/१२
१८६१. त्या वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला व नागपूर त्याची राजधानी झाले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे मोल वाढले.

६/१२
१८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. पण दूरच्या बाजारपेठेशी पडलेली गाठ सुटली नाही. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. नाव ‘एम्प्रेस’ का? त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले. या गिरणीचा इतिहास ‘स्थानिक’ म्हणावा की ‘जागतिक’?

७/१२
त्याच अमेरिकन युद्धाचा दुसरा धागा पुण्यात सापडतो. १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दास्य त्यांनी एकाच दृष्टीने पाहिले. त्यांना कोणी विचारले असते का, ‘अमेरिकेशी तुम्हाला काय देणेघेणे?’

८/१२
आता फ्रान्सकडे. स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांनी १७८९ ची क्रांती ओळखली जाते. १९५४ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीवरील भाषणात डॉ. आंबेडकरांनी हीच आपल्या जीवनतत्त्वज्ञानाची त्रयी असल्याचे सांगितले. आणि ती फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली आहे, असे ठामपणे बजावले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरातच त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

९/१२
हे विधान दोन्ही बाजूंना निरुत्तर करते. ‘सारे काही युरोपने दिले’ म्हणणाऱ्यांना, आणि ‘युरोप कशाला शिकायचा’ म्हणणाऱ्यांनाही. फ्रेंच राज्यक्रांती ठाऊक असल्याशिवाय बाबासाहेब कोणता दावा खोडून काढत होते, हेच कळणार नाही. दीक्षाभूमीचा अर्थ पुरता उमगण्यासाठी पॅरिसही ठाऊक हवे.

१०/१२
वनसमाजाच्या धड्यात बस्तरचा १९१० चा उठाव येतो. बस्तर हे तेव्हा मध्य प्रांताच्या देखरेखीखालील संस्थान होते. म्हणजे त्या अरण्यावरील सत्तेचा एक दोर नागपुरातून हलत होता. धड्यातील ‘वसाहतवाद’ लंडनइतकाच आपल्या सिव्हिल लाइन्समध्येही राहत होता.

११/१२
आणि नाझीवाद? हा धडा वगळला, तर हिटलर मुलांपर्यंत पोहोचत नाही, असे समजू नका. पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे त्याचे आत्मचरित्र मराठीत मिळते. ‘कणखर नेता’ म्हणून त्याचे गोडवे मोबाइलवर ऐकू येतात. ३० जानेवारी १९३३ रोजी तो कायदेशीर मार्गाने चॅन्सेलर झाला, दोन महिन्यांच्या आत संसदेनेच आपले अधिकार त्याच्या हाती सोपवले, आणि पुढे सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली. हे वर्गात सांगितले नाही, तर मग कोठे सांगणार?

१२/१२
म्हणून नववीच्या वर्गात बसणाऱ्यांनो, सनावळी पाठ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक धड्यानंतर शिक्षकांना विचारा : त्या वेळी आपल्या गावात काय चालले होते? कापूस कोठे जात होता, रेल्वे कोणासाठी आली, कोणाचे जंगल गेले? उत्तर लगेच न मिळाल्यास आजीआजोबांना विचारा, ग्रंथालयात शोधा. आणि ज्यांच्या पुस्तकात हे धडेच नाहीत, त्यांनी ते मागावेत. जगाचा इतिहास हा आपल्या इतिहासाचा प्रतिस्पर्धी नाही. तो त्याचाच उरलेला अर्धा भाग आहे.