अ‍ॅस्पेन डोंगरातच बरा

डेन्व्हरकडच्या मंडळींनो, सप्टेंबरच्या शेवटी केनोशा पासवर पिवळाधमक अ‍ॅस्पेन बघून आलं, की परतीच्या वाटेवर नर्सरी दिसते आणि हात खिशाकडे जातो. माझाही गेला होता. दोन रोपं आणून खिडकीसमोर लावली. पानाचा देठ चपटा, त्यामुळे जरा वारा हलला की पिंपळासारखी सळसळ. चार वर्षं मजेत गेली.

मग हिरवळीत कोंब दिसू लागले. केळीचे मुनवे बघत वाढलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. पण केळ बुंध्याशी फुटते. हा वीस-तीस फुटांवर डोकं वर काढतो. शेजारणीच्या गुलाबात एक निघाला तेव्हा वैतागून मी एक झाड कापलं. तिथेच चुकलो. उभं झाड मुळांतल्या कोंबांना दाबून ठेवतं. ते गेलं की मुळांना रान मोकळं. पुढच्या मे महिन्यात सदतीस मोजले! त्यांच्यावर तणनाशक मात्र मारू नका. मुळं जोडलेली असतात, विष उरलेल्या झाडातही पोचतं. दोन-तीन उन्हाळे गवत कापायचं यंत्र फिरवत राहायचं, बस.

मुळात हे झाड साधारण 8,000 फुटांवरच्या थंडीत सुखी. डेन्व्हरच्या 5,280 फुटांवर, चिकण मातीत त्याला खवले कीड लागते, खोडावर बुरशीचे चट्टे पडतात आणि बहुधा वीसेक वर्षांत ते संपतं.

डोंगरात जागा घेतलेल्यांना सल्ला उलटा. तुमचा अ‍ॅस्पेन म्हातारा झाला असेल, तर इथून एक तिथून एक तोडू नका. एक तुकडा सरसकट कापा. जमिनीवर भरपूर ऊन पडल्याशिवाय कोंब तग धरत नाहीत. आणि लगेच कुंपण घाला, चांगलं आठ फुटी; एल्कला चार फूट म्हणजे उंबरठा. युटातलं ‘पांडो’ 106 एकरांवर पसरलंय, 47,000 च्या आसपास खोडं, पण सगळं मिळून एकच झाड. तिथेही हरणं कोवळे कोंब फस्त करतात, म्हणून कुंपणं घालावी लागली.

कापलेलं लाकूड शेकोटीला बेताचंच. जमिनीत पुरलं तर लवकर कुजतं, तेव्हा खांब नकोत. पण कुसळं निघत नाहीत, वास नाही, चटका बसत नाही. सौनातली बाकं याचीच करतात.

आणि एक विनंती. मागच्या वर्षी केनोशाला एका खोडावर बदाम कोरलेला दिसला, आत देवनागरीत दोन नावं. कडा काळ्या पडून फुगलेल्या. अ‍ॅस्पेनची साल पातळ असते, हिरवी, जिवंत. पानं गळल्यावरही ती थोडं अन्न बनवते. चाकू खिशातच राहू द्या. बुरशी शिरते ती अशाच जखमेतून.